अनुदान आटतंय? अंदाजपत्रक करताना या चुका टाळा

सरकारी अनुदान कमी झाल्याचं पत्र पालिका-पंचायतीच्या हाती पडतं तेव्हा अंदाजपत्रकाचा मसुदा बहुतेक तयार झालेला असतो. सगळ्या विभागांच्या मागण्या आलेल्या असतात, सदस्यांची कामं घातलेली असतात. मग खर्चाला हात न लावता जमेचे आकडे फुगवायचे, हा सगळ्यांत सोपा मार्ग उरतो. घरपट्टीची वसुली जरा जास्त धरायची, परवानगी शुल्क वाढेल असं मानायचं आणि तरीही उरलेली तफावत ‘इतर जमा’ या शीर्षाखाली टाकायची. कागदावर जमाखर्च जुळतो, वर थोडी शिल्लकही दिसते आणि सभा मंजुरी देते.

कपात मात्र टळलेली नसते. सभागृहाने ती ठरवली नाही, तर सातव्या-आठव्या महिन्यात रिकामी तिजोरी ती ठरवते. पंपाची दुरुस्ती लांबते, कंत्राटी सफाई कामगारांचा पगार दोन महिने मागे पडतो, निवृत्त झालेल्या माणसाला त्याच्या हक्काच्या रकमेसाठी चकरा माराव्या लागतात. ज्याचा आवाज लहान, त्याचं देयक आधी अडतं. म्हणून माझं ठाम मत आहे की निधी आटत असताना अंदाजपत्रकाचं खरं काम कपात कुठे करायची हे उघडपणे ठरवण्याचं आहे. पुढच्या सगळ्या चुका तो निर्णय टाळण्यातून होतात.

मागणीलाच जमा समजणं

ही चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग आहे. समजा चालू वर्षाची कराची मागणी, म्हणजे आकारलेल्या कराची एकूण रक्कम, 100 आहे आणि मागची थकबाकी 60. अंदाजपत्रकात 160 लिहिले जातात, फार तर 140. प्रत्यक्षात दरवर्षी चालू मागणीतले 70 आणि थकबाकीतले 10 येत असतील, तर हातात येणार 80. म्हणजे पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात निम्म्याच्या आसपास हवा असते आणि तिच्यावर कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचे आदेश, निघतात. शिवाय न आलेले 30 पुढच्या वर्षी थकबाकीत मिळतात, थकबाकी 80 होते आणि फुगवायला आणखी मोठा आकडा तयार होतो.

यावर उपाय आहे, फक्त तो कंटाळवाणा आहे. मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा घ्या. सुधारित अंदाज घेऊ नका, कारण तोही अंदाजच असतो. चालू मागणी आणि थकबाकी यांचा अंदाज वेगवेगळा करा. थकबाकीची वयानुसार फोड करा: एक वर्षापर्यंतची, एक ते तीन वर्षांची, त्याहून जुनी आणि न्यायालयात अडकलेली. ही फोड केली की एक अप्रिय गोष्ट हमखास दिसते. जुन्या थकबाकीचा मोठा भाग पाडलेल्या इमारतींचा, दोनदा नोंदलेल्या मालमत्तांचा किंवा वर्षानुवर्षं वादात असलेल्या आकारणीचा असतो. तो पैसा येणार नाही. तो यादीत ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर एकही रस्ता मंजूर करू नका.

करवाढ केली असेल तर तिचं पूर्ण उत्पन्न पहिल्याच वर्षी धरू नका. हरकती येतात, सुनावण्या होतात, बिलं उशिरा वाटली जातात. अनुदानाचंही तसंच आहे. जाहीर झालेली रक्कम, मंजूर झालेली रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम हे तीन वेगळे आकडे आहेत. शेवटचा हप्ता वर्ष संपता संपता येत असेल, तर तोवरचे पगार कशातून देणार, हे महिनावार रोख तक्त्यात दिसलं पाहिजे. वर्षाचा जमाखर्च जुळूनही एखाद्या महिन्यात खातं रिकामं होतं ते याचमुळे.

एकदाच आलेल्या पैशावर कायमचा खर्च

जमीन विकली, जुनी ठेव मोडली, एखादं मोठं विकास शुल्क आलं. हा पैसा पुन्हा येणार नसतो, पण त्यातून पगार, वीजबिल आणि ठेके भागवले जातात. पुढच्या वर्षी खर्च तसाच राहतो आणि विकायला काही उरत नाही.

इंग्लंडमधली नॉर्थॅम्प्टनशायर काउंटी परिषद या वाटेने फार पुढे गेली. तिथे भांडवली जमा, म्हणजे मालमत्ता विकून आलेला पैसा, वापरून रोजच्या खर्चातली तूट झाकली गेली. 2017 मध्ये सुरू झालेलं नवंकोरं मुख्यालय 2018 मध्ये विकून पुन्हा भाड्याने घ्यावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत परिषदेला नवा खर्च थांबवण्याची नोटीस काढावी लागली आणि 1 एप्रिल 2021 रोजी ती परिषदच संपुष्टात येऊन तिच्या जागी दोन नव्या संस्था आल्या. शिकागोने 2008 मध्ये रस्त्यांवरचे सुमारे 36,000 पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले आणि सुमारे 1.15 अब्ज डॉलर घेतले. त्यातली बहुतेक रक्कम काही वर्षांतच तूट भरण्यात संपली. मीटरचं उत्पन्न मात्र तीन पिढ्यांसाठी गेलं.

न्यूयॉर्क 1975 मध्ये दिवाळखोरीच्या दारात पोचलं, त्यामागेही रोजचा खर्च भांडवली (बांधकामासारख्या टिकाऊ कामांच्या) अंदाजपत्रकात दाखवण्याची आणि अल्पमुदतीच्या कर्जावर दिवस ढकलण्याची सवय होती. जमेच्या प्रत्येक रकमेपुढे ‘दरवर्षी येणारी’ की ‘एकदाच येणारी’ असा एक रकाना घाला. दरवर्षी येणाऱ्या जमेत दरवर्षीचा खर्च भागतो का, एवढं एक उत्तर अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर असावं.

सगळ्यांना सारखी कात्री

‘सर्व विभागांत सरसकट दहा टक्के कपात’ हे वाक्य न्याय्य वाटतं, कारण त्यात कोणाशी भांडावं लागत नाही. पण एकूण 100 पैकी 70 पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते आणि वीज यांत बांधलेले असतील, तर तिथे कात्री चालतच नाही. मग सगळे 10 उरलेल्या 30 मधून जातात. म्हणजे औषधं, दुरुस्ती, वाचनालय, अंगणवाडी यांच्यावरची कपात दहा टक्क्यांची न राहता तेहतीस टक्क्यांची होते, आणि ठरावात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रत्येक सेवेला एक तळ असतो. त्याखाली पैसे दिले तर सेवा निम्मी होत नाही, पूर्ण बंद पडते. कचरागाडीला चालक आहे पण इंधन नाही. दवाखान्यात डॉक्टर आहेत पण औषध नाही. अशा वेळी पगारावरचाही खर्च वाया जातो. मला विचाराल तर दहा सेवा अर्धवट चालवण्यापेक्षा दोन उघडपणे थांबवून आठ नीट चालवाव्यात. हे मत सगळ्यांना पटणार नाही, ज्यांची सेवा थांबेल त्यांना तर नक्कीच नाही. म्हणूनच हा निर्णय सभागृहात, नावं घेऊन, नोंद करून व्हायला हवा.

दुरुस्ती पुढे ढकलणं

दुरुस्ती पुढे ढकलली की पहिल्या वर्षी कोणालाच काही दिसत नाही, म्हणून हा खर्च सर्वांत आधी कापला जातो. देखभालीतली बचत किती महाग पडते, याबाबत अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट विसरता येत नाही. आर्थिक अडचणीमुळे राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती कारभार असताना एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली. जलवाहिन्या गंजू नयेत म्हणून पाण्यावर करायची प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या वाहिन्यांमधलं शिसं घराघरांत गेलं, मुलांच्या रक्तात सापडलं. ऑक्टोबर 2015 मध्ये जुना स्रोत परत घ्यावा लागला, आणि पुढे भरपाईच्या तडजोडीची रक्कमच 60 कोटी डॉलरच्या वर गेली. बचतीच्या कोणत्याही हिशेबात हे बसत नाही.

दुरुस्ती ढकलावीच लागली तर ढकललेल्या कामांची यादी, अंदाजित खर्चासह, अंदाजपत्रकाला जोडा. ते एक प्रकारचं कर्जच आहे. निदान त्याची नोंद तरी राहू द्या.

देणी दिसू न देणं

मंजूर होऊन अर्धवट राहिलेली कामं, न दिलेली देयकं, निवृत्तांची देणी, न्यायालयातले दावे, कर्ज, दुसऱ्या संस्थांसाठी दिलेली हमी. यातलं बरंच काही अंदाजपत्रकात येत नाही, कारण ‘यंदा द्यायचं नाही’. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेवर महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाच्या दाव्यांची टांगती तलवार वर्षानुवर्षं होती. 2012 मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने गेला होता. सप्टेंबर 2023 मध्ये तिथेही खर्चबंदीची नोटीस निघाली, तेव्हा या दाव्यांपोटी आणखी 65 ते 76 कोटी पौंड लागतील असा अंदाज होता. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्याच सुमारे 1 लाख वस्तीच्या वोकिंगच्या स्थानिक परिषदेने 1.2 अब्ज पौंडांची तूट जाहीर केली. तिथला मूळ वार्षिक निधी होता अवघा 1.6 कोटी पौंड. गुंतवणुकीसाठी घेतलेली कर्जं एका छोट्या संस्थेच्या आवाक्याबाहेर कधी गेली, हे अंदाजपत्रक वाचून कळायला हवं होतं.

याचाच एक साधा, रोजचा प्रकार म्हणजे योजनेतला स्वहिस्सा. वरून निधी मिळतोय म्हणून सभागृहाची इमारत किंवा जलशुद्धीकरण केंद्र मंजूर करून घेतलं जातं. आपला हिस्सा कुठून भरायचा, आणि उद्घाटनानंतर वीज, माणसं, देखभाल यांचा खर्च कोण करणार, हे ठरावात नसतं. निधी आटण्याच्या काळात एखादी योजना नाकारणंही शहाणपणाचं असतं, आणि त्यासाठी मोठं धैर्य लागतं.

वर्ष मध्यावर आलं आणि गणित बिघडलं

काही खुणा लवकर दिसतात. ठेकेदारांच्या अनामत रकमा खर्चाला वापरल्या जातात. राखीव निधीची पुस्तकातली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळत नाही. देयकं आवक नोंदवहीत न घेताच टेबलावर ठेवली जातात. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम वेळेवर भरली जात नाही. यातली एक जरी खूण दिसली तरी पुढच्या तिमाहीची वाट पाहू नका.

इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्यानुसार अशा वेळी मुख्य वित्त अधिकाऱ्याला नवा खर्च थांबवण्याची नोटीस काढावी लागते आणि सदस्यांना 21 दिवसांत त्यावर बैठक घ्यावी लागते. तसा कायदा आपल्याला लागू असो वा नसो, क्रम तोच ठेवावा. आधी नवे कार्यादेश थांबवा. मग सगळी न दिलेली देयकं, टेबलावरची धरून, एका यादीत आणा. पुढच्या तीन महिन्यांची रोख आवकजावक आठवड्यानुसार मांडा. पाणी, आरोग्य, स्वच्छता, अग्निशमन आणि पगार यांचा पैसा बाजूला काढा. उरलेल्या पैशात काय बसत नाही ते सुधारित अंदाजपत्रकात लिहून सभेपुढे न्या, वर्षअखेरीची वाट न पाहता.

लोकांशी बोलणंही याच टप्प्यावर सुरू व्हायला हवं. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने 1989 पासून प्राधान्यक्रम ठरवताना वस्त्यांमधल्या नागरिकांना सामील केलं, तेव्हा तिथल्या पालिकेकडेही पैसा मुबलक नव्हता. जमेचा खरा आकडा समोर ठेवला की लोक कपातीबद्दल अपेक्षेपेक्षा समंजसपणे बोलतात. पूर्ण झालेला निर्णय कळवला की चिडतात. ठेकेदारांनाही ‘बघू’ सांगण्यापेक्षा हप्ते पाडून लेखी तारखा द्या. आणि यादीत छोट्या रकमा वर घ्या, कारण दोन माणसांवर काम चालवणारा प्लंबर सहा महिने थांबू शकत नाही.