न उघडणाऱ्या डीव्हीडीतून घरगुती चित्रीकरण परत मिळवताना

लग्नाची किंवा बारशाची डीव्हीडी उघडेनाशी झाली, तरी ती टाकून देऊ नये; आणि संगणकाने ती फॉरमॅट करायची का असे विचारल्यास नकारच द्यावा. प्रथम डिस्क मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसताना पडलेला ओरखडा नोंदीच्या मार्गालाच समांतर जातो आणि सलग इतकी माहिती झाकतो, की चूकदुरुस्तीच्या व्यवस्थेला ती भरून काढता येत नाही.

फाइली एकेक करून कॉपी करण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्यावी. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम, सेक्टरचा (डिस्कवरील माहितीच्या एका तुकड्याचा) आकार २०४८ बाइट ठेवून चालवल्यास, आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, मग अडलेल्या जागांकडे वळतो आणि काय मिळाले, काय राहिले याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतो. ही मॅपफाइल फार मोलाची आहे, कारण तीच वापरून उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतो, आणि एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसऱ्याला पुष्कळदा जमतात. यास कित्येक तास लागू शकतात. धीर सोडू नये.

कॅमकॉर्डरची ८ सेंटिमीटरची डिस्क मात्र फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये. ती रिकामी दिसत असेल, तर बहुधा फायनलाइझ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून नोंद पूर्ण करून बंद करायची, राहिलेली असते. आधी तिची इमेज घ्यावी आणि मगच मूळ कॅमेऱ्यात ती फायनलाइझ करून पाहावी.