इलेक्ट्रिक गाड्यांची तुलना कशी करायची, आणि ब्रोशरमधले दोन मोठे आकडे आधी का खोडायचे

बजेट ठरलंय, रोजचं फिरणं किती ते माहीत आहे आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय होणार आहे, एवढं धरून चालतो. नसेल तर आधी ते उरका.

पायरी १: यादी तीन गाड्यांची करा

तीनच्या वर नको. मी एकदा नऊ गाड्यांची चाळीस रकान्यांची एक्सेल शीट केली होती, प्रत्येक गोष्टीला मार्क आणि शेवटी बेरीज, आणि बेरजेत पहिली कोण आली तर जिच्यात सनरूफ, रंगीत लाइट आणि बारा स्पीकर होते ती. मार्क देत बसण्याची ही पद्धत जो सांगेल त्याला हात जोडा.

पायरी २: रेंज एका मापात आणा

रेंज म्हणजे एका चार्जवर गाडी किती किमी जाते, आणि ती मोजायच्या चाचण्या वेगवेगळ्या आहेत. एका गाडीची रेंज डब्ल्यूएलटीपीची, दुसरीची सीएलटीसीची, आणि लोक दोन्ही शेजारी ठेवून ही जास्त पळते म्हणतात. अरे बाबा, चीनच्या सीएलटीसी चाचणीत सरासरी स्पीड ताशी २९ किमीच्या आसपास असतो, युरोपच्या डब्ल्यूएलटीपीत ४६ च्या आसपास, म्हणजे हळू चालवून सीएलटीसीत रेंज जास्त दिसते, आणि अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेचा आकडा तर मुळातच कापून कमी केलेला असतो. त्यामुळे तिन्ही गाड्यांचा एकाच चाचणीचा आकडा शोधा, नाही मिळाला तर तो रकाना सरळ खोडा.

त्यापेक्षा हायवेला १०० किमीला किती युनिट खाते ते शोधा, म्हणजे किलोवॉट-अवर, ज्यांनी स्वतः चालवून मोजलंय अशांकडून. आणि कुठल्या स्पीडला मोजलं ते विचाराच, कारण हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ९० वरून १२० वर गेलात की तो पावणेदोन पट होतो. बॅटरीची क्षमता बघताना एकूण नाही, वापरता येणारी बघा. काही कंपन्या मोठा आकडा पुढे करतात आणि खरा खाली बारीक अक्षरात असतो.

पायरी ३: चार्जिंग (इथे घाई करू नका)

माझ्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीच्या वेळी मी इथेच आपटलो. यादीत शेवटी दोन गाड्या उरल्या, एकीवर १५० किलोवॉट फास्ट चार्जिंग लिहिलेलं, दुसरीवर १००, मी अर्थातच १५० वाली घेतली. पहिल्याच लांबच्या प्रवासात ५५ टक्के बॅटरी असताना चार्जरला लावली, म्हटलं दहा मिनिटात निघू, तर स्क्रीनवर ४८ किलोवॉट. चार्जर खराब असणार म्हणून शेजारच्याला लावली, ४७. तिथल्या माणसाशी हुज्जत घातली, तो बिचारा शांतपणे म्हणाला की तुमची गाडी मागतेच एवढी, मी काय करू. तेव्हा राग आला, पण बरोबर तोच होता.

होतं काय, तर तो १५० चा आकडा म्हणजे शिखर आहे. बॅटरी बरीच रिकामी आणि योग्य तापमानाला असेल तर गाडी काही मिनिटं तेवढं घेते, मग बॅटरी भरत जाईल तसा करंट कमी करत जाते, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जोरात करंट ढकलला तर सेल खराब होतात. ८० टक्क्यांनंतर तर बहुतेक गाड्या रांगायला लागतात, वरच्या २० टक्क्यांना कधीकधी आधीच्या ७० टक्क्यांएवढा वेळ जातो. म्हणून ब्रोशरवरचा सगळ्यात मोठा किलोवॉटचा आकडा खोडा आणि त्याऐवजी १० ते ८० टक्के व्हायला किती मिनिटं लागतात ते घ्या.

पण तेही एकटं घेऊ नका! ही दुसरी चूक, आणि ही शहाणे लोकही करतात. समजा दोन गाड्या आहेत. मोठीची वापरता येणारी बॅटरी ७८ युनिटची, हायवेला १०० किमीला २१ युनिट खाते, १० ते ८० ला ३६ मिनिटं. छोटीची ६२ युनिटची, १६.५ खाते, २८ मिनिटं. आता ७० टक्के म्हणजे मोठीत ५४.६ युनिट, भागिले ०.२१, २६० किमी. छोटीत ४३.४ युनिट, भागिले ०.१६५, २६३ किमी. म्हणजे प्रवासात दोन थांब्यांच्या मधलं अंतर दोघींचं सारखंच, फक्त मोठीला दर वेळी ८ मिनिटं जास्त उभं राहायचं, आणि बॅटरीचे पैसे जास्त मोजायचे ते वेगळेच. मिनिटाला किती किमी भरतात ते काढा, मोठीचे ७.२, छोटीचे ९.४. माझ्या मते हा एक आकडा बाकीच्या चाळीस रकान्यांपेक्षा जास्त सांगतो, आणि तो कुठल्याही ब्रोशरवर छापलेला नसतो, तुम्हालाच काढावा लागतो.

मोठी बॅटरी घ्या, टेन्शन नको, असं सांगणारे खूप भेटतील. मोठी बॅटरी म्हणजे वजनही मोठं, टायर लवकर जातात, आणि रोज ४० किमी फिरणारा माणूस वर्षातून चार वेळा लागणारं ओझं ३६५ दिवस ओढत बसतो. वारंवार लांब जाणार असाल आणि वाटेत चार्जर विरळ असतील तर मात्र घ्या, तिथे मी वाद घालत नाही.

अजून एक, ८०० व्होल्ट. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ सारख्या ८०० व्होल्टच्या गाड्या ताकदवान चार्जरवर १० ते ८० टक्के साधारण १८ मिनिटांत करतात, कारण नेहमीच्या ४०० व्होल्टच्या गाड्यांपेक्षा तेवढ्याच करंटमध्ये दुप्पट व्होल्टेज म्हणजे दुप्पट पॉवर. पण तुमच्या नेहमीच्या वाटेवरचे चार्जर ५० किलोवॉटचे असतील तर त्या १८ मिनिटांचं लोणचं घालायचंय का? आधी वाटेवर काय आहे ते बघा.

घरचं एसी चार्जिंग (म्हणजे घरच्या साध्या विजेवरचं): गाडीतला चार्जर ७ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ११ चा बॉक्स लावून काही फायदा नाही. झालं.

पायरी ४: एलएफपी की एनएमसी

हे बॅटरीचे दोन प्रकार, आत कुठलं रसायन आहे त्यावरून: एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट, एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. हे नुसतं तांत्रिक म्हणून सोडू नका. एलएफपीत निकेल-कोबाल्ट नसतं, ती जास्त चार्ज-डिस्चार्ज सोसते आणि बहुतेक कंपन्या तिला १०० टक्के भरायला सांगतात, अधूनमधून भरावीच लागते कारण तिचा व्होल्टेज सपाट असल्यामुळे गाडीला नेमकी किती उरलीय ते कळेनासं होतं. एनएमसी त्याच वजनात जास्त युनिट साठवते पण रोज ८० च्या आसपास थांबवलेली बरी. म्हणजे कागदावर ६० युनिटची एनएमसी रोजच्या वापरात ४८ ची झाली, ५५ युनिटची एलएफपी ५५ चीच राहिली. कडाक्याच्या थंडीत राहत असाल तर मात्र गणित फिरतं, गार एलएफपी चार्ज व्हायला फार कुरकुर करते, तिथे बॅटरी आधी गरम करण्याची सोय आणि हीट पंप (कमी विजेत गाडी आतून गरम ठेवणारा) आहे का ते विचारा.

आणि बॅटरी थंड ठेवायला लिक्विड कूलिंग आहे ना ते बघा. जुन्या निसान लीफमध्ये ते नव्हतं, गरम भागात त्या बॅटऱ्यांची क्षमता लवकर घसरली.

पायरी ५: वॉरंटी वाचा

८ वर्षं किंवा १.६ लाख किमी बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्त करू असं स्पष्ट आहे, का फक्त बॅटरी बंद पडली तर, एवढं एक वाक्य शोधा.

पायरी ६: चालवा

तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एसी लावून, ट्रिप मीटर शून्य करून. काच पुसायचा वायपर किंवा एसी कमी करायला स्क्रीनमध्ये तीनदा शिरावं लागतं का ते बघा. मग मागे बसा, खरंच बसा, कारण बॅटरी फ्लोअरखाली असते आणि काही गाड्यांत त्यामुळे फ्लोअर वर येऊन मांड्या अधांतरी राहतात. शोरूमवाला दहा मिनिटांची चक्कर मारून आणतो म्हणाला तर नाही म्हणा आणि तासभर मागा, दहा मिनिटांत मागच्या सीटवर कुणाचे गुडघे दुखत नाहीत.