पिल्लाला किती पळवायचं? या चुका टाळा

जागलीला, म्हणजे रात्री वावर राखायला, कुत्रा हवाच. रोही (नीलगाय) अन् रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. म्हणून घरात पिल्लू आलं की आतापासूनच त्याला पळवून तयार करायची घाई सुटते, आणि त्या घाईतच त्याचे पाय बिघडतात.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पिल्लाला फटफटीमागे पळवणं. पांदणीने गाडी कितीही हळू घेतली तरी पिल्लाला थांबायला, वास घ्यायला, बसायला मिळत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकाला मऊ कूर्चा असते, हाड तिथूनच वाढतं. लहान चणीच्या कुत्र्यात ती साधारण वर्षाच्या आत पक्की होते, मोठ्या चणीच्या कुत्र्याला दीड वर्षही लागतं. तोवर तिथे इजा झाली तर पाय वाकडा वाढू शकतो. पिल्लू थांबत नाही म्हणून ते दमलं नाही असं समजू नका. धनी पुढे गेला की ते जीव तोडून मागे येतंच. माझं साडेचार महिन्यांचं पिल्लू सायकलमागे वावरापर्यंत आलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पाय टेकवेना. तो पाय पाहून मला जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

अंदाजाला एक हिशोब धरा: वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. चार महिन्यांचं असेल तर एका वेळी वीस मिनिटं. हा ठोकताळा आहे, मागे राहिलं की त्याआधीच परत फिरा. अंगणात ते मनाने बागडतं, ते यात मोजू नका. दिवसाचे अठरा तास झोपलं तरी झोपू द्या. दिवसभर साखळीला बांधून संध्याकाळी एकदम तासभर दामटणं, हेही तितकंच चूक.

उन्हाळ्यात तर जपाच. अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, आणि कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर पिल्लाचे तळवेही भाजतील. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं, म्हणून सकाळचीच वेळ बरी. जंगलालगतच्या गावात मात्र नीट उजाडू द्या, बिबट्याचा भरवसा नाही. उन्हाने पिल्लू झोकांड्या देऊ लागलं, लाळ घट्ट झाली, तर सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका.

लसीचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात. ते पुरे होईतो गावातल्या कुत्र्यांच्या जागी त्याला सोडू नका. पार्व्हो (कुत्र्यांचा उलटी-जुलाबाचा रोग) याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

लंगडत असेल तर फिरणं बंद. दिवसभरात फरक पडला नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते.