सिक्युरिटीत बॅग बाजूला निघते तेव्हा

माझी बॅग बाजूला निघतेच. शूटिंगच्या जागी साउंड रेकॉर्ड करणं हा माझा धंदा, त्यामुळे केबिन बॅगेत वायरी, बारके माइक, ट्रान्समीटर, बॅटऱ्या आणि चिकटपट्टीची रिळं. स्कॅनरच्या पलीकडे जिथे रोलरच्या दोन वाटा फुटतात तिथे ती हमखास आतल्या वाटेला लागते, आणि मी बूट हातात घेऊन काचेपलीकडे उभी. मागचे लोक माझ्याकडे असं बघतात की जणू फ्लाइटला उशीर होतोय तो माझ्यामुळेच. या उभं राहण्यात जे कळलं ते इथे लिहितेय. ज्यांच्या बॅगेत दोन शर्ट आणि एक पुस्तक असतं आणि तरीही ती निघते, त्यांना याचा जास्त उपयोग होईल.

सुरुवात पडद्यापासून करू. तिथे बसलेल्या माणसाला तुमचा माइक किंवा मोजे दिसत नाहीत, रंग दिसतात. एक्स-रे मशिन वस्तूंची घनता आणि जात ओळखून रंग देतं: कापड, कागद, साबण, खाण्याच्या वस्तू नारिंगी, धातू निळे, मधलं काहीबाही हिरवं, आणि किरण आरपार जाणारच नाहीत इतकं जाड काही असेल तर काळा ठोकळा. स्फोटकंही बहुतेक नारिंगीतच मोडतात. म्हणून चॉकलेटचे जाड स्लॅब, चीजची वडी, साबणाच्या वड्यांचा गठ्ठा, एकावर एक रचलेली पुस्तकं यांनी बॅग अडते. आपल्याला वाटतं, पुस्तकावर कसला संशय? संशय पुस्तकावर नसतो, त्या जाड नारिंगी चौकोनाच्या खाली काय आहे ते दिसत नाही म्हणून असतो.

त्यामुळे भरताना बॅग वरून कशी दिसेल याचा विचार करा. जड, दाट वस्तू एकमेकींवर रचू नका, शेजारी शेजारी पसरा. चार्जर, वायरी, पॉवर बँक एका जाळीच्या पाऊचमध्ये ठेवा आणि ते पाऊच सगळ्यात वर. माझ्या वायरी मी एकेक वेगळी गुंडाळून वेलक्रोने बांधते. मोकळ्या टाकल्या तर पडद्यावर न विंचरलेल्या केसांचा पुंजका दिसतो आणि मग बॅग तळापर्यंत उपसली जाते. लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात तेही याच कारणाने, त्याची बॅटरी आणि बोर्ड खालचं सगळं झाकतात. काढलात तर तो ट्रेमध्ये एकटा ठेवा. त्यावर जॅकेट टाकलंत तर काढून काय साधलं?

आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत. ते बॅगेचं त्रिमितीय चित्र काढतात, ऑपरेटर ते फिरवून बघतो, आणि तिथे लॅपटॉप आतच ठेवायला सांगतात. घोळ असा की एकाच विमानतळावर एका रांगेत नवं मशिन आणि शेजारच्या रांगेत जुनं असू शकतं. एक जण ‘लॅपटॉप काढा’ ओरडतोय, दुसरा ‘काढू नका’, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. तुमच्या समोर जो उभा आहे त्याचं ऐका. ‘गेल्या वेळी तर आतच ठेवायला सांगितलं होतं’ हे वाक्य गिळून टाका, त्याने आजवर कोणाचीही रांग पुढे सरकलेली नाही.

कधी कधी बेल्ट थांबतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो, आणि बॅग मुकाट सुटते. याचं एक गमतीदार कारण असू शकतं. ऑपरेटरचं लक्ष उडू नये म्हणून मशिन अधूनमधून पडद्यावरच्या खऱ्या बॅगेत पिस्तुलाचं किंवा चाकूचं खोटं चित्र घुसवतं. त्याने ते पकडून बटण दाबलं की मशिन सांगतं, चाचणी होती. युरोपातल्या नियमात तर एका माणसाने सलग वीस मिनिटांच्या वर पडद्यासमोर बसू नये असं आहे, इतकं ते डोळे शिणवणारं काम. हे कळल्यापासून बेल्ट मागे गेला की माझा जीव खालीवर होत नाही.

द्रव पदार्थांवर सगळ्यात जास्त वाद होतात, आणि बहुतेक वाद फुकट असतात. ऑगस्ट २००६मध्ये ब्रिटनहून अटलांटिकपलीकडे जाणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांतल्या स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. आधी सगळ्याच द्रवांवर बंदी आली, मग काही आठवड्यांनी १०० मिलिलिटरची सवलत. मोजली जाते ती बाटली, आतला माल नाही. २०० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तळाला चमचाभर क्रीम उरलं असेल तरी ती जाते. ओतता, पिळता, फासता येतं ते सगळं द्रव समजायचं: टूथपेस्ट, मध, जॅम, पीनट बटर, मस्कारा. सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत. बाळाचं दूध आणि औषधं या मर्यादेतून सुटतात, पण ती लपवून नेऊ नका, आधीच बाहेर काढून सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवा, औषध मूळ डबीतच असू द्या.

युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या काही विमानतळांनी नव्या स्कॅनरमुळे दोन लिटरपर्यंत सूट दिली आहे. यात पाय अडकतो परतीच्या वेळी. जाताना भरलेली मोठी बाटली आरामात गेली, येताना दुसऱ्या विमानतळावर जुनंच मशिन, आणि बाटली कचऱ्यात. परतीचा नियम परतीच्या विमानतळाचा. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीतून काढू नका आणि पावती आतच राहू द्या, कारण बदलीच्या ठिकाणी पुन्हा तपासणी झाली तर त्या सीलवरच ती बाटली तग धरते. पावडरींचंही एक आहे: अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत २०१८पासून साधारण ३५० मिलिलिटरच्या वर पावडर असेल तर ती वेगळी तपासतात, शंका राहिली तर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. मोठा डबा चेक-इनमध्ये टाकून मोकळं व्हा.

बॅटऱ्यांचं उलटं आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत, केबिनमध्येच घ्याव्या लागतात, कारण पेट घेतला तर केबिनमध्ये विझवायला माणूस असतो, तळघरात नसतो. मर्यादा १०० वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप). त्याच्या वर १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून वर नाहीच. पॉवर बँकेवर एमएएचचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि वॉट-अवर मुंगीएवढ्या. हिशोब सोपा: एमएएच गुणिले ३.७, भागिले हजार. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, बिनघोर. छापील आकडे घासून गेले असतील तर हा हिशोब काउंटरवर कोणी ऐकून घेत नाही, पॉवर बँक ठेवूनच घेतात. अक्षरं पुसट होत आली की त्यावर पारदर्शक टेप चिकटवा.

बुटांबद्दल थोडक्यात. डिसेंबर २००१मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटातली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला, तिथून बूट काढणं आलं. अमेरिकेने २०२५च्या जुलैमध्ये ती सक्ती उठवली. इतर ठिकाणी जाड तळव्याचे किंवा घोट्यावर येणारे बूट अजून काढायला लावतात. लेसचे घालू नका आणि मोजे बिनभोकाचे घाला, एवढंच.

आता अंगाची तपासणी. खरी अवघडल्यासारखं होणारी जागा ही.

धातू शोधणाऱ्या दरवाजातून जाताना खिशात काहीही नसताना तो वाजला तर घाबरू नका. अनेक दरवाजे मुद्दाम अधूनमधून कोणावरही वाजायला लावलेले असतात. हात वर करून उभं राहायचं ते काचेचं कपाट, म्हणजे बॉडी स्कॅनर, वेगळं. त्यात एक्स-रे नसतो, मिलिमीटर लहरी असतात, आणि पडद्यावर तुमचं शरीर नव्हे, सगळ्यांसाठी एकच असलेली रेखाकृती येते. शंका आली तिथे चौकोन. हा चौकोन घामाने येतो, कपड्याच्या जाड चुण्यांनी येतो, टिकल्या-जरीने येतो, खिशातल्या चुरगळलेल्या टिश्यूनेही येतो. म्हणून प्रवासाच्या दिवशी साधे, फारसे सैल नसलेले, बिनखिशांचे कपडे. काही मशिनवर ऑपरेटर तुमच्याकडे बघून बाई की पुरुष असं बटण दाबतो; अंदाज चुकला तर भलत्या जागी चौकोन उमटतो. ट्रान्स प्रवाशांना हा त्रास फार होतो. अशा वेळी ‘बटण तपासून पुन्हा स्कॅन करा’ असं शांतपणे म्हणता येतं.

चौकोन आला की झडती. झडती घेणारी व्यक्ती तुमच्याच लिंगाची असावी ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी पाळली जाते, आणि बंद खोलीत घ्या असं मागता येतं. मागा. पाच मिनिटं जास्त जातील, पण शे-दीडशे लोकांसमोर कमरेचा पट्टा सैल करून उभं राहण्यापेक्षा बरं. सोबत ओळखीचं कोणी आत आणायचं असेल तर तेही विचारा. हात लावण्याआधी दुखरी जागा सांगा: टाके आहेत, स्तन शस्त्रक्रिया झाली आहे, पोटाला पिशवी आहे. सांगायचं ते पहिल्या वाक्यात सांगा, हात तिथे पोचल्यावर नाही.

माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे बदललेले. ते दरवाज्याखालून गेले की तो वाजणारच. त्यांनी डॉक्टरांचं कार्ड लॅमिनेट करून घेतलंय आणि ते झेंड्यासारखं उंचावून दरवाज्यातून जातात. कार्डाने तपासणी टळत नाही, फक्त बोलणं वाचतं. मी त्यांना शिकवलं ते इतकंच, आधी थांबायचं, गुडघ्यांवर हात ठेवून सांगायचं, मग जायचं. पेसमेकर असेल तर दरवाज्यात रेंगाळायचं नाही, नेहमीच्या चालीने निघून जायचं, आणि तपासनिसाच्या हातातली धातू शोधणारी काठी छातीवर धरू द्यायची नाही, हाताने तपासा म्हणायचं. इन्सुलिन पंप, ग्लुकोज सेन्सर वापरणाऱ्यांनी उपकरणासोबतची पुस्तिका नक्की वाचा. बऱ्याच कंपन्या ते एक्स-रेतून आणि त्या काचेच्या कपाटातून नेऊ नका असं सांगतात.

तळहातावर कापडाची पट्टी फिरवून मशिनमध्ये घालतात, ती स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधायला. ग्लिसरीनचं हँड क्रीम, बागेतलं खत, हृदयविकाराची नायट्रोग्लिसरीनची गोळी, यांनी ते मशिन फसतं. फसलं की सगळ्यांचे चेहरे एकदम बदलतात. तुम्ही चेहरा बदलू नका. काल बागेत खत घातलं असेल तर ते सांगा. क्रीम विमानात बसल्यावर लावा.

एकदा एका तपासनिसाने माझ्या बॅगेतून माइकवर चढवायचं केसाळ कव्हर बाहेर काढलं. राखाडी, लांब केसांचं, मुठीएवढं. त्याने ते दोन बोटांत धरून वर उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वारा अडवायला. तो म्हणाला, कोणाला? माइकला, असं म्हणून मी हेडफोन दाखवला तेव्हा तो हसला. अशा वेळी तुमच्या वस्तूचं एका ओळीचं उत्तर तयार असावं: काय आहे, कशाला लागतं. लांबलचक तांत्रिक खुलासा केलात की त्याला वाटतं, माणूस काहीतरी लपवतोय. आणि बॅगेला स्वतः हात घालू नका, तो उपसत असताना मदतीलाही नाही. बॉम्ब हा शब्द तर थट्टेतही नको. ‘त्यात काय बॉम्ब आहे का’ म्हणणारा माणूस फ्लाइट चुकवतो, कधी कधी कोठडीही बघतो.

वस्तू काढून घ्यायला लागले तर पहिल्यांदा पर्याय विचारा: परत जाऊन चेक-इन करता येईल का, सोडायला आलेल्याच्या हातात देता येईल का. वेळ हाताशी असेल तर यातलं काहीतरी जमतं. कोणी उर्मटपणा केला तर तिथे आवाज चढवू नका. सुपरवायझरला बोलवा, रांगेचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, घरी पोचल्यावर तक्रार करा. तिथल्या तिथे भांडून कोणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात दुर्लक्षित. घड्याळ, पाकीट, फोन सुटे ट्रेमध्ये टाकू नका, रांगेत असतानाच जॅकेटच्या चेनच्या खिशात घाला आणि जॅकेट ट्रेत. राखाडी लॅपटॉप सगळे सारखेच दिसतात, झाकणावर एखादं ठसठशीत स्टिकर लावा. निघताना रिकामा ट्रे वाकून बघा, बोर्डिंग पास तळाला चिकटून राहतो. हेलसिंकी विमानतळावर संशोधकांनी वस्तूंचे नमुने तपासले होते, तेव्हा सर्दीचे विषाणू या ट्रेंवरच सर्वाधिक सापडले, तर पुढे गेल्यावर आधी हात धुवा. आणि कमरेचा पट्टा बाकावर जाऊन लावा, रोलरच्या तोंडाशी उभं राहून नको. मागच्याचा ट्रे तोवर कोपराला येऊन थडकलेला असतो.