टायटॅनियमचं घड्याळ घेताय? आधी पालथं करून बघा

पहिली गोष्ट, टायटन म्हणजे टायटॅनियम नव्हे. हसू नका, आमच्या काकांनी हेच धरून घड्याळ घेतलं होतं. ते नाव टाटा आणि तामिळनाडू यावरून जुळवलंय, धातूशी काही संबंध नाही.

दुकानात गेलात की एका हातात स्टीलचं घ्या आणि दुसऱ्यात त्याच साइजचं टायटॅनियमचं. हा धातू स्टीलच्या जेमतेम ५५-६० टक्के वजनाचा, त्यामुळे पहिल्यांदा प्लॅस्टिकचं आहे की काय असंच वाटतं आणि बरेच जण तिथेच नाक मुरडतात. आठ दिवस घालून परत स्टीलचं चढवा, मग कळतं.

आता पालथं करा. मागच्या झाकणावर काय कोरलंय ते वाचा, कारण केस टायटॅनियमची अन् झाकण स्टीलचं असंही चालतं. घामाने मनगटाला खाज सुटते म्हणून घेत असाल (बऱ्याचदा ते स्टीलमधलं निकेल असतं) तर त्वचेला चिकटून झाकणच बसतं ना, मग जास्तीचे पैसे घालून उपयोग काय? पट्ट्याचं बक्कल पण बघा.

मग ग्रेड विचारा. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध, राखाडी, मॅट. ग्रेड ५ मध्ये साधारण ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम नि ४ टक्के व्हॅनेडियम, ते बरंच कडक आणि पॉलिशही मस्त घेतं. सेल्समन "स्क्रॅचप्रूफ आहे सर" म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. माझ्या ग्रेड २ वाल्याच्या कडेला लॅपटॉपवर घासून घासून महिन्याभरात रेघोट्या पडल्या, मला चालतं, पण तुमचा जीव जात असेल तर वरचा थर कडक केलेलंच घ्या. सिटिझन त्याला ड्युराटेक्ट म्हणते, आणि टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळही त्यांचंच, १९७० चं. चरे पडले म्हणून कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्याकडे मात्र नेऊ नका, प्रत्येकाला हा धातू जमत नाही.

काच सफायरच हवी, म्हणजे सहज चरे न पडणारी. पोहायचं असेल तर १०० मीटर लिहिलेलं बघा, ३० म्हणजे हात धुण्यापुरतं.

बाजूची चावी स्क्रूची, म्हणजे फिरवून घट्ट बसवायची असेल तर दुकानातच दोन-तीनदा उघडून लावून बघा, टायटॅनियमवर टायटॅनियमचे आटे घासले की धरतात. जरा जरी खरखर लागली तर सरळ दुसरा पीस काढायला सांगा.