चोरपावलांचा गेम कंट्रोलमुळे सोडू नका

सिडकोतल्या आमच्या घरी भाचा पहारेकऱ्यांना चुकवत लपतछपत पुढे जायचा असा एक गेम खेळत होता. रात्रीची तटबंदी, पहारेकऱ्यांच्या ठरलेल्या फेऱ्या, सावल्या, सगळं सुरेख. पण आडोसा घेणं आणि भिंत चढणं एकाच बटनावर! लपायला जावं तर गडी थेट तटावर उभा. इतकी मेहनत घेतलेला गेम यामुळे वाया जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कंट्रोलर असेल तर आधी स्टीम इनपुट, म्हणजे स्टीम या पीसी गेम्सच्या ॲपमधली बटनं बदलायची सोय, उघडा. तिथे एकाच बटनाला साधा दाब, लांब दाब आणि दोनदा दाब अशी वेगवेगळी कामं देता येतात. आडोसा कीबोर्डच्या एका बटनावर आणि चढणं दुसऱ्या बटनावर, अशी सोय गेममध्ये असेल तर साध्या दाबावर आडोसा ठेवा, चढणं लांब दाबावर. नंतर स्टिकचा डेडझोन, म्हणजे स्टिक थोडी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तो भाग, हळूहळू कमी करा. स्टिक सोडल्यावरही पात्र सरकू लागलं, की थोडा वाढवून तिथेच थांबा. दबकं चालणं यावरच अवलंबून असतं.

माउसवाल्यांनी विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’, म्हणजे माउस हलवण्याच्या वेगानुसार पॉइंटरची धाव बदलणारी सेटिंग, बंद करावं. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड लावा, म्हणजे बटन दाबल्यावर चित्र कमी उशिराने बदलतं.

२००२ च्या ‘स्प्लिंटर सेल’ या चोरपावलांच्याच गेममध्ये पीसीवर माउसच्या चाकाने चालण्याचा वेग बदलता यायचा. मला आजही तीच पद्धत सर्वांत चांगली वाटते. तुमच्या गेममध्ये तशी सोय असेल, तर पहिल्याच पहारेकऱ्यामागे ती वापरून बघा.