संस्था एक, शाळा तीन: शाखांचं वार्षिक नियोजन पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

नियोजनाची जबाबदारी तुमच्याकडे आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मागच्या वर्षीची फाईल आणून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "तारखा तेवढ्या बदला, बाकी सगळं तेच आहे." मी तेच केलं होतं. त्याची किंमत माझ्या एका सहकारी शिक्षिकेला मोजावी लागली, म्हणून हे लिहायला बसले.

आमची ल्यूथरन मंडळीची शाळा पूर्व विदर्भात, तीन शाखांची. मुख्य शाखा आणि वसतिगृह तालुक्याच्या गावी, दुसरी शाखा वैनगंगेच्या काठी धानाच्या पट्ट्यात, तिसरी जंगलाला लागून. घटक नियोजन, तासिकांची वाटणी, आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या तारखा हे तुम्हाला येतंच. मी ज्यात फसले ते मात्र सविस्तर सांगते, कारण ते कोणत्याच प्रशिक्षणात मला कोणी सांगितलं नव्हतं.

संस्था एक, पाटी एक, गणवेश एक, सकाळची प्रार्थनाही एक. त्यामुळे आपल्या मनात शाळा एकच असते. शासनाच्या लेखी मात्र त्या तीन आहेत. तिन्हींचे यू-डायस क्रमांक (शासनाचा शाळा-क्रमांक) वेगळे, मुलांच्या प्रवेशाची नोंद असलेलं जनरल रजिस्टर वेगळं, संचमान्यता, म्हणजे पटावरून ठरणारी शिक्षकांची मंजूर पदं, तीही वेगळी. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि जुलैच्या धावपळीत ते डोक्यात जागं असणं यात फार अंतर आहे.

त्या वर्षी जुलैत नाल्याला पूर आला आणि नदीकाठच्या शाखेचा रस्ता बंद पडला. पालक म्हणाले, पोरांना वसतिगृहात घ्या. चौदा मुलं आली आणि मुख्य शाखेच्या वर्गात बसायला लागली. मी लिपिकांना विचारलं, दाखल्यांचं काय? जवळच उभे असलेले एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "आपलीच तं शाळा आहे, दाखला कायले पायजे?" मलाही ते पटलं. पूर ओसरला, मुलं इथंच रमली, आणि मी तो विषय विसरले.

आता बघा काय झालं. मुलांची नावं शासनाच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवर नदीकाठच्या शाखेत, हजेरी मुख्य शाखेत. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. पडताळणीला आलेले अधिकारी नदीकाठच्या शाळेत गेले, हजेरीपत्रकावर पेन्सिल टेकवत एकेक नाव वाचू लागले, आणि चौदा वेळा वर्गातून उत्तर आलं नाही. तिथे मुलं नाहीत म्हणून ती धरली गेली नाहीत. इथे मुलं होती, पण नावं नव्हती, म्हणून इथेही धरली गेली नाहीत. शिकणारी, जेवणारी, रोज पाढे म्हणणारी चौदा मुलं कागदावर कुठेच नव्हती. नदीकाठच्या शाखेचं एक पद गेलं आणि तिथली सर्वांत कनिष्ठ शिक्षिका अतिरिक्त ठरली, म्हणजे तिच्यासाठी त्या शाळेत जागाच उरली नाही. तिनं कपाटाच्या प्रत्येक किल्लीला वर्गाचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि जुडगा माझ्या हातात दिला. मला काहीही बोलली नाही.

म्हणून, मूल एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बसलं की त्याच आठवड्यात सगळं करा. पालकांचा अर्ज, जुन्या शाखेचा दाखला, नव्या शाखेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद, मग पोर्टलवर नव्या शाळेकडून विनंती आणि जुन्या शाळेकडून मान्यता. शेवटची पायरी हमखास राहते, कारण दोन्ही बाजूंना वाटतं की दुसऱ्यानं केलं असेल. मान्यता मिळाल्याची छापील प्रत हातात येईपर्यंत ते झालं असं समजू नका. त्यानंतर आधारवरच्या नावाशी रजिस्टरचं नाव जुळवणं. रजिस्टरला 'दिक्षा' आणि आधारवर 'दीक्षा' असेल तर एवढ्यावरही गाडी अडते, आणि ते दुरुस्त करायला पालकांना एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावं लागतं. रोवणी (धानाची लावणी) सुरू झाल्यावर ते येणार नाहीत, येऊही शकत नाहीत. हे काम शाळा उघडण्याआधी, मे-जूनमध्येच उरकायचं. आता ३१ जुलैला आम्ही तिन्ही लिपिकांना एका टेबलाशी बसवतो आणि नावन् नाव मोठ्यानं वाचतो.

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. तारखा चुकल्या तर बदलता येतात, परीक्षा पुढे ढकलता येते, स्नेहसंमेलन जानेवारीत नेता येतं. पटाचा आकडा तेवढा एकदा गेला की वर्ष जातं.

कॅलेंडरबद्दल माझं मत ठाम आहे. मोबाईलवर फिरणारी तयार वार्षिक नियोजनं उघडूसुद्धा नका. ती जूनच्या मध्यापासून सुरू होतात, आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात. म्हणजे पहिल्या पानापासूनच ती दोन आठवडे चुकलेली असतात. पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस, हा शिक्षणहक्क कायद्याचा हिशेब धरूनच मांडणी करा. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे आणि बैठकीत कोणीतरी तो काढणारच. तो निकाल संस्थेच्या हक्कांसाठी आहे. मुलांचे दिवस कापायला त्याचा आधार घेऊ नका.

२०२६-२७ चंच उदाहरण घ्या. अधिक ज्येष्ठ महिन्यामुळे पोळा सप्टेंबरात आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला. आम्हा ल्यूथरन लोकांचा धर्मसुधारणा दिन, ३१ ऑक्टोबर, शनिवारी, म्हणजे दिवाळीच्या सुटीच्या अगदी तोंडाशी. सुटी संपते न संपते तोच २९ नोव्हेंबरला आगमन काळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. त्यातच धानाची कापणी-चुरणी आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा. दुसऱ्या सत्राचे पहिले तीन आठवडे कागदावर भरगच्च दिसतील, वर्गात मात्र अर्धी मुलं असतील. तिथे नवा घटक ठेवू नका, उजळणी ठेवा. पुढे उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २६ मार्चला, २०२६ मध्ये तो ३ एप्रिलला होता. जंगलाकडच्या शाखेत त्याच सुमारास मोहफुलं वेचायला घरंच्या घरं पहाटे निघतात. तिथली तोंडी परीक्षा त्या आठवड्यात नकोच. नाताळच्या गाण्यांचा सराव तिन्ही शाखांनी एकत्र करायचा हट्टही मी सोडला. मुलींना शाळेत ने-आण करणारी मानव विकास योजनेची निळी बस चुकली तर मुलगी घरी कशी जाणार, हे आधी विचारा.

बायबल-पाठाच्या तासिकेसाठी पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घ्या. मान्यताप्राप्त शाळेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं कलम २८ तेच सांगतं. आमच्याकडची बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत. ज्या घरानं 'नको' लिहिलं त्या मुलासाठी त्या तासाला वाचनालय उघडं ठेवा, त्याला व्हरांड्यात उभं करू नका.

एकदा बैठकीत मी तक्रार केली की रोवणीत मुलं येत नाहीत, नियोजन कसं पाळायचं? आमचे पाळकसाहेब म्हणाले, ल्यूथरनं १५२४ मध्ये जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना शाळा काढा म्हणून पत्र लिहिलं, त्यात मुलांनी दिवसातून एक-दोन तास शाळेत यावं आणि उरलेला वेळ घरी काम शिकावं असं म्हटलंय, मुलींनाही घरकाम सांभाळून एक तास मिळेलच असं म्हटलंय. आजच्या नियमांत तेवढ्यानं भागत नाही. पण त्या दिवसापासून नदीकाठच्या शाखेत रोवणीच्या पंधरवड्यात भाषा-गणित पहिल्या दोन तासिकांना घेतो, म्हणजे जे मूल दुपारी बांधीत (धानाच्या शेतात) जाणार आहे त्याचंही मुख्य शिकणं होतं. हजेरी सुधारली.

सल्ला कोणाचा घ्यायचा? "होते हो सगळं" म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा नाही. त्यांचा मान ठेवा, चहा द्या, पण तुमच्या चुकीची सही त्यांची नसते. मी लिपिकांकडून शिकले, आणि जंगलाकडच्या शाखेतल्या स्वयंपाकीणबाईंकडून. कोणत्या टोल्यातली (पाड्यातली) मुलं कधी गावाबाहेर जातात हे त्यांना आधी कळतं, कारण तांदूळ किती शिजवायचा ते त्यांना रोज ठरवावं लागतं. नियोजनाच्या बैठकीला त्यांना खुर्ची द्या.

ती अतिरिक्त ठरलेली शिक्षिका समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या रिकाम्या पदावर, दुसऱ्या तालुक्यात गेली, तिथे छान रुळली आहे. दरवर्षी जुलैच्या शेवटी तिचा फोन येतो, "मॅडम, दाखले झाले काय?" मागच्या वर्षी यादी समोरच होती, मी तिला सगळी नावं वाचून दाखवली.